जावयाच्या गावचं पाणी

आमच्या नातेवाइकांत मला प्लास्टिकवाला म्हणतात. कोणी रस्त्यावर पाण्याची बाटली फेकली की माझं डोकं फिरतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नाकार्यात पुतणे-पुतण्या मुद्दाम रिकामी बाटली नाचवत माझ्यासमोर येतात आणि विचारतात, "काका, कुठं फेकू?" मीही हसून घेतो. माझ्या चिडण्याचा आणि प्लास्टिकचा संबंध अर्धाच आहे, हे त्यांना कोण सांगणार? मलाच ते कळायला बरीच वर्षं लागली.

गोंदियात माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, जळालेल्या पंपांत नवी तार भरायचं. राहायला जवळच्या मुर्री गावी, आईवडिलांसोबत. धाकटी बहीण कॉलेज झाल्यावर दुकानात बिलं लिहायला बसायची. दोन हजार सालानंतर गावोगावी नळयोजना आल्या आणि पाण्यातल्या मोटारी जळायला लागल्या, तेव्हा आमचं बरं चाललं होतं. चिचगडच्या पुढे, जंगलातल्या एका गावची मोटार तर मीच बसवली होती. बोअरमधून आधी गढूळ पाणी आलं, मग पांढरट, मग एकदम नितळ. मी पाइपाखाली ओंजळ धरून पोटभर प्यायलो. इतकं गोड पाणी मी आमच्या जिल्ह्यात फार ठिकाणी प्यायलेलो नाही.

त्या गावची मोटार एका उन्हाळ्यात तीनदा जळाली. ती घेऊन यायचा तिथला नळवाला, म्हणजे रोज सकाळी टाकी भरून वॉल्व्ह उघडणारा, ग्रामपंचायतीचा माणूस. शांत, कामाचा. चौथ्यांदा तो मोटार घेऊन आला तेव्हा मी ती उघडून पाहिली, तर वायंडिंग अगदी धडधाकट. मी त्याच्याकडे पाहिलं, तो बहिणीकडे पाहत होता, आणि बहीण बिलबुकात डोकं खुपसून बसली होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याची जात इथे लिहीत नाही. लिहिली की वाचणारा तिथेच मापं काढायला बसतो. एवढंच सांगतो, की त्यांच्या घरचं पाणी आमच्या घरात चालत नसे. आम्ही जमीनवाले. आमचे पूर्वज माळव्यातून आले हे आमच्याकडे प्रत्येक लग्नात असं सांगतात, की वाटावं काल संध्याकाळच्या गाडीनेच उतरले. त्या दोघांनी कोर्टात लग्न केलं. बाबूजी, म्हणजे माझे वडील, तीन वर्षं तिचं नाव घरात घेऊ देत नव्हते. आणि माझ्याशी बोलायचे ते फक्त कामापुरतं, कारण मोटार माझ्या दुकानात आली होती.

मग तिला मुलगी झाली. नात सहा महिन्यांची झाल्यावर एका सकाळी बाबूजी चपला घालून अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "व्हॅन काढ." मला इतका आनंद झाला की मी किल्ली शोधत घरभर फिरलो, आणि ती माझ्या खिशातच होती. आईने डब्यात लाडू भरले, नातीसाठी शिवलेली दुपटी दिली, आणि आम्ही निघालो.

वाटेत देवरीला हायवेवर बाबूजींनी गाडी थांबवायला लावली. "एक पान्याची बाटली घे. सीलवाली पाहून घे." मी दोन घेतल्या. मला वाटलं, प्रवासासाठी असतील.

बहिणीच्या अंगणात नळाची तोटी आहे, तिच्याभोवती सिमेंटचा छोटा ओटा. आम्ही बाजेवर बसलो. जावयाने बाबूजींचे पाय शिवले. बहीण ताटलीत तांब्या आणि पेला घेऊन आली. आल्यागेल्याला आधी पाणी द्यायचं, मग बोलायचं, ही आमच्याकडची साधी रीत. बाबूजींनी पिशवीतून बाटली काढली, सील कडकन तोडलं आणि म्हणाले, "मी आनलं आहे. डॉक्टरनं सांगतलं, दुसरं पानी प्यायचं नाई."

कसला डॉक्टर? बाबूजींनी आयुष्यात एकदाच डॉक्टर पाहिला होता, मोतीबिंदूच्या वेळी. हा माणूस धानाच्या बांधीत काम करताना पाटाचं पाणी पितो, बाजारात ठेल्यावरच्या गिलासात पितो, नागझिऱ्याच्या बाजूला लाकूड आणायला जायचा तेव्हा झऱ्याला तोंड लावायचा. आणि ज्या नळाचं पाणी अख्खं गाव पितं, जे स्वतःचा जावई रोज सोडतो, जे माझ्या हातच्या मोटारीने वर येतं, तेवढंच पाणी त्यांना बाधणार होतं. बहीण ताटली धरून उभी राहिली. मग तिने ती ओट्यावर ठेवली. मी उठलो, तांब्या उचलला आणि दोन पेले पाणी घटाघट प्यायलो. चांगला आवाज करत प्यायलो. बाबूजी नातीशी बोबडं बोलत राहिले.

जेवायचं विचारलं तर म्हणाले, उपास आहे. सोमवार होता ना. पुढे माझ्या लक्षात आलं, की बाबूजी लेकीकडे जातात ते सोमवारीच. वर्षातून तीन-चार वेळा जायचे, नातीवर जीव टाकायचे, तिला खांद्यावर बसवून गावभर फिरवायचे. पण सोमवार, घरून नेलेली केळी आणि देवरीची बाटली. मला हे सगळं असह्य व्हायचं. गाडी चालवताना मी वाक्यं जुळवायचो, की आज बोलतोच. आणि तोंड उघडलं की निघायचं, "बाबूजी, खिडकीची काच वर करा, धूळ येऊन राहिली."

बाटल्या तिथेच राहायच्या. बहिणीच्या सासूने पहिली धुऊन तिच्यात जवसाचं तेल भरलं. दुसरीत वालाचं बियाणं. मग बाटल्या वाढत गेल्या आणि घरात भरून ठेवण्यासारखं काही उरलं नाही. त्या गावात कचऱ्याची गाडी येत नाही, कारण तोवर तिथे कचरा असा नव्हताच. शेण शेतात जातं, पालापाचोळा उकिरड्यात, कपडा फाटला की गोधडीत. बाटलीचं काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एका पावसाळी दिवशी ओलं लाकूड पेटेना म्हणून सासूने चुलीत दोन बाटल्या घातल्या. घरभर असा घाण धूर झाला की नात खोकून खोकून लाल झाली आणि त्या दिवशीचा भात कोणालाच गेला नाही. मी हे बाबूजींना सांगितलं. ते म्हणाले, "मंग आपली बाटली आपन वापस आनत जाऊ." मला वाटलं, निदान एवढं तरी सुधारलं.

परतीच्या वाटेवर, भर जंगलात, त्यांनी खिडकीतून ती रिकामी बाटली भिरकावली.

मी करकचून ब्रेक मारला. गाडी तशीच रस्त्यात सोडून मागे चालत गेलो, काटेरी झुडपात हात घातला आणि बाटली काढली. हाताला रक्त आलं. बाबूजी गाडीतून ओरडले, "कायले उचलून राहिला? जंगल का तुह्या बापाचं आहे?"

"जंगल नाही, बाटली माझ्या बापाची आहे," मी म्हणालो.

त्या दिवशी मुर्रीपर्यंत आमचं कडाक्याचं भांडण झालं. ढोरांच्या पोटात प्लास्टिक जातं, नाल्या तुंबतात, मातीत सडत नाही, मी असं काय काय बोललो. गळा बसेपर्यंत बोललो. बाबूजीही बोलले. आणि त्यात मला बरं वाटत होतं, हे आज कबूल करायला लाज वाटते. वडिलांशी प्लास्टिकवरून भांडता येतं. त्याने घर मोडत नाही, कोणाचं नाव निघत नाही, कोणाला रडू येत नाही. तेव्हापासून मी प्लास्टिकवाला झालो. जिथे बाटली दिसेल तिथे उचलायचो, दिसेल त्याला सुनावायचो. मुर्रीतल्या दुकानदाराशी, दुकानातल्या गिऱ्हाइकांशी, पंगतीत पाण्याची पाकिटं वाटणाऱ्यांशी भांडलो. ज्या एका बाटलीबद्दल बोलायला हवं होतं, ती मात्र दर खेपेला देवरीला मीच उतरून विकत घेत होतो.

मग मला कावीळ झाली. मी दिवसभर दहा गावचं, दहा ठिकाणचं पाणी पिणारा माणूस, कुठलं बाधलं कोणास ठाऊक. गोंदियातल्या डॉक्टरांनी डोळे पाहिले, रिपोर्ट पाहिला आणि हिंदीत दम दिला, "बाहर का पानी बिल्कुल बंद. उबालकर पियो, नहीं तो बॉटल का." मी घाबरलो होतो. दोन महिने बाटली घेऊन फिरलो. प्लास्टिकवाल्याच्या हातात बाटली म्हणून दुकानात लोकांनी खूप चिडवलं.

त्याच दिवसांत मोटारीचं स्टार्टर बदलायला बहिणीच्या गावी एकटाच गेलो. एप्रिल असावा, सासू अंगणात मोहफुलं वाळवायला पसरत होत्या. जावई टाकीवर होता. बहिणीने तांब्या आणला. मी आलो की ती तांब्याच आणते, पेला नावापुरता, कारण मी दोन-तीन पेले पितो हे तिला माहीत.

मी पिशवीतली बाटली दाखवून म्हणालो, "मला नको गं. डॉक्टरने सांगितलंय."

शब्द बाहेर पडले आणि मलाच ते ओळखीचे वाटले. बहीण "हो का," म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली. मी घाईघाईने सासूंना समजावायला लागलो. मावशी, मला खरंच कावीळ झाली होती, हे डोळे पाहा, गाडीत रिपोर्ट आहे, दाखवतो.

त्या फुलं पसरत राहिल्या. मग म्हणाल्या, "कावीळ झाली तं झाली, खोटं कोन म्हनते? पन उकळून मागतलं असतं तं आमी दिलं नसतं का? तुमची बाटली अन् तुमच्या बाबूजीची बाटली, आमाले दोनी सारख्याच दिसतेत."

मला राग आला. खरंच आला. इतकी वर्षं मी त्यांच्या घरचं पाणी प्यायलो, एकदाही नाही म्हटलं नाही, बापाशी भांडलो, आणि मला बाबूजींच्या रांगेत बसवतात? पण बापाशी मी कशावरून भांडलो होतो, ते मला माहीत होतं. आणि उकळून मागायचं मला सुचलं नव्हतं, हेही खरंच. डॉक्टर आधी उकळून म्हणाले होते, बाटली नंतर.

"मग आता द्या उकळून," मी म्हणालो.

"आता राहू द्या," मावशी म्हणाल्या.

मी स्टार्टर बदललं आणि निघालो. बहीण दारापर्यंत आली नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला ती एकटीच मुर्रीला आली. ती दरवर्षी यायची. लेकीचं येणं बाबूजींना चालत होतं, फक्त तिच्याकडचं पाणी चालत नव्हतं. बसस्टँडवरून तिला मीच आणलं. गाडीत नीट बोलली, लेकीच्या शाळेचं सांगितलं. मला हायसं वाटलं, की विसरली.

अंगणात बाबूजी खुर्चीवर बसले होते. आईने तांब्या आणि पेला आणला, पेला भरून पुढे केला. बहिणीने खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली, तिच्यातून पाण्याची बाटली काढली आणि सील तोडलं.

बाबूजी म्हणाले, "हे काऊन? घरचं पानी आहे ना."

"डॉक्टरनं सांगतलं आहे."

"कोनत्या डॉक्टरनं?"

"तुमच्याच डॉक्टरनं, बाबूजी." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "दादाचा बी तोच आहे."

ती प्यायली. घाई न करता, चार घोट. बाबूजींनी मान खाली घातली आणि चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मी वर्षानुवर्षं गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं तेव्हा माझ्याकडे होती. त्यातलं एकही आता माझ्या कामाचं नव्हतं.

आई मात्र भरला पेला हातात घेऊन तशीच उभी होती. तिने पेला खाली ठेवला, लेकीच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं, आणि काकुळतीने विचारलं, "काय झालं वं तुले? डॉक्टर कायले लागला? मले कोनी सांगतलं कसं नाई?"

तिला खरंच काही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत लेकीचं घर, तिचा ओटा, तिची तोटी, यातलं आईने काहीच पाहिलेलं नव्हतं. दर खेपेला तिने लाडवांचा डबा माझ्या हातात दिला, आणि दर खेपेला व्हॅनची मागची सीट रिकामी गेली. बाबूजींनी तिला कधी चल म्हटलं नाही. मीही नाही.