अख्ख्या वॉर्डाचं बीपी एकशेवीस-ऐंशी

समजा, तुमच्या हातात पॅड आहे आणि पॅडला एक फॉर्म लावलाय. फॉर्मवर वीस रकाने. समोर खाट, खाटेवर माणूस, त्याच्या शेजारी अठरा वर्षांची पोरगी. कडक इस्त्रीचा गणवेश. तिला त्या माणसाचं बीपी मोजायचंय आणि तुम्हाला तिला मोजायचंय. दहा मिनिटांत. हात धुतले का? खूण. नमस्कार केला का? खूण. काय करणार ते पेशंटला सांगितलं का? खूण. पट्टा कोपराच्या दोन बोटं वर बांधला का? खूण. आता खरं सांगा, त्या दहा मिनिटांत तुमची नजर कुठं असेल? पोरीच्या हातांकडं, की कागदाकडं?

राजनंदिनी बोराडेची नजर कागदाकडं होती. हे ती स्वतःच सांगते आणि सांगताना दातओठ खाते.

राजनंदिनी मंठ्याजवळच्या एका खेड्यातली. बापाची सात एकर सोयाबीन, घरात शिकून नोकरीला लागलेली ती पहिलीच. नर्सिंगची पदवी, तीन वर्षं अतिदक्षता विभागात, आणि आता जालन्यातल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर. म्हणजे पोरींना घेऊन रुग्णालयात जायचं, खाटेशी उभं राहून शिकवायचं आणि त्या शिकल्या का ते तपासायचं. पगार आधीपेक्षा कमी, पण शिकवायची हौस दांडगी. पोरी मागून तिला मिरची मॅम म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि तिची काही हरकत नाही.

तो पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस होता. पुरुषांच्या वॉर्डात नऊ मुली, विषय बीपी मोजणं, आणि पेशंट एकच. रखमाजी, वय पासष्टच्या आसपास, अंबडकडचा, पायाच्या जखमेसाठी दाखल झालेला. परीक्षेला कुठला पेशंट द्यायचा ते वॉर्डच्या नंदा सिस्टर ठरवायच्या, आणि त्यांचा नियम साधा होता. कटकट न करणारा द्यायचा.

"घ्या बाई," सातवी मुलगी आली तेव्हा रखमाजींनी आपणहून बाही वर केली. "माझा हात म्हंजी गावचा हापसा झालाय. येईल ती हापसून जाती."

पोरी हसल्या. राजनंदिनीही हसली आणि तिनं 'पेशंटशी सौजन्यानं बोलली' या रकान्यात खूण केली.

पहिल्या मुलीनं मोठ्यानं सांगितलं होतं, "एकशेवीस-ऐंशी, मॅम." खूण. दुसरीनंही एकशेवीस-ऐंशी. तिसरी हुशार, तिनं एकशे अठरा-अठ्ठ्याहत्तर सांगितलं. आठ मुली झाल्या, आठ फॉर्म भरले, आठ सह्या झाल्या. नववी होती कनिका.

कनिका जुन्या जालन्यातल्या कापड दुकानदाराची मुलगी. त्यांच्या घराण्यातून नर्सिंगला आलेली ही पहिलीच. काका घरी रोज म्हणायचे, "एक साल बघू. पास झाली तर ठीक, नाहीतर घरी." वर्गात ती बोलायची कमी. तिनं पट्टा बांधला, फुगा दाबला, कान लावला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबला. मग स्टेथोस्कोप गळ्यात टाकून फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि कागद पुढं केला.

'यंत्रातून हवा जाते. मोजता आले नाही.'

राजनंदिनी भडकली. आधी भडकली ती कनिकावरच.

"हे काय आहे? परीक्षा चालू आहे ना? इथं आकडा लिहायचा असतो."

"मॅम, मशीनच बराबर नाही. शंभरच्या वर काटा टिकतच नाही. आकडा कुठून लिहू?"

"आठ जणींना आला, तुलाच बरा नाही आला!"

कनिकाचे डोळे भरले, पण मान खाली गेली नाही. "आमच्या दुकानात पप्पा म्हणतात, मोजलं नाही तर सांगायचं नाही. अंदाजानं सांगितलं की गिऱ्हाईक गेलं."

राजनंदिनीनं तिच्या हातातून यंत्र जवळजवळ हिसकावूनच घेतलं. फुगा दाबला. काटा नव्वदला गेला, शंभरला गेला आणि खाली घसरला. नळीवरून बोट फिरवलं, तर पट्ट्याच्या तोंडाशी चीर, आणि चिरेतून हवा तिच्या बोटावर आली. थंड, बारीक.

तिनं पॅडवरचे आठ फॉर्म उलटले. एकशेवीस-ऐंशी. एकशेवीस-ऐंशी. एकशे अठरा-अठ्ठ्याहत्तर. प्रत्येकाखाली तिचीच सही, तिच्याच आवडत्या निळ्या पेनानं.

"नंदा सिस्टर!" वॉर्डच्या त्या टोकापर्यंत आवाज गेला. "चांगलं मशीन कुठंय?"

नंदा सिस्टर बावीस वर्षं त्या वॉर्डात होत्या. त्या सावकाश आल्या. "कपाटात. कुलपात."

"आणि हे मोडकं आहे हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीपासून! मग परीक्षेला हे दिलं?"

"मॅडम, तुमच्या पोरींना चांगलं दिलं की संध्याकाळपर्यंत त्याचा फुगा गायब असतो. नवं मागून तीनदा चिठ्ठी दिली मी. येऊन राह्यलं म्हणतात. आलं का? न्हाई." त्यांनी कमरेची किल्ली सोडली. "बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांचं मी माझ्या मशीननं बघते. बाकीचं तुमच्या पोरीच लिहितात रोज. आजवर एकीनंबी तक्रार केली न्हाई."

राजनंदिनीनं वॉर्डातले तक्ते पाहिले. खाट एक, एकशेवीस-ऐंशी. खाट दोन, तेच. खाट सात, तेच. दिवाळीपासून मोडक्या नळीनं अख्खा वॉर्ड ठणठणीत करून टाकला होता. तिच्याच पोरींनी भरलेले तक्ते, आणि महिन्याच्या शेवटी खाली 'तपासले' म्हणून सही करणारी तीच.

कुलपातलं यंत्र आलं. रखमाजींनी सवयीनं हात पुढं केला. एकशे ब्याऐंशी-एकशे सहा. तिनं पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठ्याहत्तर-एकशे चार.

"बाबा, डोकं दुखतंय का?"

"तीन दिस झाले, ठणकून राह्यलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलल्तो की. एक पोरगी म्हणली, बाबा, बीपी बराबर हाय, ऊन लागलं असंल." रखमाजी ओशाळल्यासारखे हसले, जणू चूक त्यांचीच होती. "मी म्हणलं, शिकलेल्या हाईत. असंल ऊन."

डॉक्टर आले, गोळी सुरू झाली. राजनंदिनीचा राग मात्र उतरला नाही. त्याच रागात ती नऊ फॉर्म घेऊन कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीत शिरली.

अर्पिता मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. मग फॉर्मच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं. 'नोंद अपूर्ण असल्यास प्रात्यक्षिकास शून्य गुण धरावेत.'

"कनिकाला शून्य, राजनंदिनी. माझा इलाज नाही."

"आणि त्या आठ जणींना?"

"त्यांची नोंद पूर्ण आहे."

"खोटी आहे, मॅडम!"

"पूर्ण आहे," अर्पिता मॅडम म्हणाल्या. "हे बघ, आठ जणींना नापास केलं तर आठ पालक दारात येतील. नियमानं एकीला शून्य दिलं तर एकच येईल."

एक शून्य म्हणजे वार्षिक परीक्षेला बसायला बंदी. त्या कॉलेजाचा तसा नियमच होता. आणि कनिकाच्या काकांचं एक साल तिथंच संपणार होतं.

"जिनं खरं लिहिलं ती घरी बसणार, आणि ज्यांनी माणसाला पलंगावर मरायला सोडलं त्या नर्स होणार? हे कसलं मंग शिकवणं?" रागात तिच्या तोंडून गावाकडचं 'मंग' निघून गेलं.

अर्पिता मॅडमनी चष्मा काढला. "तू शिकत होतीस तेव्हा काय लिहायचीस ग?"

राजनंदिनीला स्वतःची एक परीक्षा आठवली.

दुसरं वर्ष. स्त्रियांचा वॉर्ड. खिडकीजवळ पानबाई नावाची म्हातारी. कानात काहीच ऐकू आलं नव्हतं आणि मागं इन्स्ट्रक्टर घड्याळ बघत उभी होती. राजनंदिनीनं एकशेवीस-ऐंशी लिहिलं होतं. दहापैकी नऊ मार्क मिळाले होते, आणि ते तिनं घरी फोन करून सांगितले होते.

"तेच लिहायचे," ती म्हणाली. "म्हणूनच सांगतेय."

मग तिनं अर्पिता मॅडमच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्या लिहिलं, की आजच्या आठही परीक्षा मी न ऐकता, न बघता पास केल्या, चूक माझी, सबब नऊही जणींची परीक्षा पुन्हा घ्यावी. खाली सही, तारीख, वेळ.

"याचा मेमो निघेल," मॅडम म्हणाल्या.

"काढा."

"नोकरीवर येईल."

"येऊ द्या. मात्र प्रयोगशाळेच्या कपाटातला तो जोडीचा स्टेथोस्कोप मला पाहिजे."

जोडीचा स्टेथोस्कोप म्हणजे एक चकती आणि कानाच्या दोन जोड्या. मुलगी ऐकते तेच शिक्षकही त्याच वेळी ऐकतो. तो कॉलेज सुरू झालं त्या वर्षी घेतला होता. तपासणीला बाहेरची माणसं आली की तो काचेच्या कपाटातून टेबलावर यायचा, ती गेली की परत कपाटात. त्याच्या नळ्यांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. राजनंदिनीनं ते दातानं फाडलं.

पुढच्या सोमवारी पुन्हा परीक्षा झाली. मशीन नंदा सिस्टरांचं. किल्ली देताना त्या म्हणाल्या, "फुगा मोजून नेते अन् मोजून आणते, असं लिहून द्या." राजनंदिनीनं तेही लिहून दिलं. फॉर्म या वेळी खाटेवर उलटा ठेवला. रखमाजींची सुट्टी लांबली होती. त्यांनी बाही वर केली. "आज खरं हापसायचं का?"

"आज खरं, बाबा."

आठपैकी तिघींना आवाज बरोबर ऐकू आला. दोघींनी काही ऐकायच्या आतच तोंड उघडून "एकशे..." म्हटलं आणि राजनंदिनीच्या कानात दुसरी जोडी दिसताच ते मिटलं. एक मुलगी रडत म्हणाली, "मॅम, मला कधीच ऐकू आलं नव्हतं. सगळ्या लिहितात म्हणून मी लिहायचे." राजनंदिनीच्या ओठांवर शिवी आली होती. ती तिनं गिळली आणि चकती पुन्हा रखमाजींच्या कोपराच्या आतल्या बाजूला ठेवली. "आता ऐक. ठोका सुरू झाला की माझा हात दाब." तिसऱ्या वेळी मुलीनं हात दाबला. बरोबर त्याच क्षणी.

कनिका शेवटी आली. फुगा सावकाश सोडला आणि दोघींच्या कानात एकदमच ठोका सुरू झाला.

"एकशे बावन्न-ब्याण्णव, मॅम. आधीपेक्षा कमी झालंय."

कनिका पास झाली. पाच जणींना महिनाभर रोज सकाळी वॉर्डात येऊन पुन्हा शिकायचं ठरलं. अर्पिता मॅडमनी आठ जुने फॉर्म कुणालाही न दाखवता फाडले आणि पालकांना सांगितलं की मशीन बिघडलं होतं. तेवढ्यापुरतं ते खरंच होतं.

मेमो बुधवारी आला. 'कर्तव्यात कसूर केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' राजनंदिनीनं एका बैठकीत दोन पानं लिहिली. मोडकी नळी, कुलपातलं मशीन, काचेतला स्टेथोस्कोप, आकड्याशिवाय दुसरं काही न मानणारा फॉर्म, आणि आपल्या आठ सह्या. काहीही मऊ केलं नाही. शेवटी सही करायला पेन टेकवलं, आणि खिडकीजवळची ती म्हातारी पुन्हा समोर आली. बाही आपणच वर करून बसलेली. जिच्या खोट्या आकड्यावर नऊ मार्क मिळाले होते ती. जाताना जिनं डोक्यावर हात ठेवला होता, "मोठी हो, बाई," म्हणून.

सहीच्या वर तिनं आणखी एक ओळ लिहिली. या खुलाशाशी त्या ओळीचा काही संबंध नव्हता, आणि ती खोडायलाही राजनंदिनी तयार नव्हती.

'पानबाईचं बीपी त्या दिवशी खरं किती होतं?'