चपलांपाशी बसणारी

मुलीनं दिवाळीत पुण्याहून येताना व्हीआरचा चष्मा आणला. "बाबा, दिवसभर टीव्हीवर चिडण्यापेक्षा हे बघा," म्हणाली आणि भाऊबीज करून परत गेली. चष्मा कसला, डोळ्यांवर बांधायचा डबाच तो. बरेच दिवस मी त्याला हात लावला नाही.

मग एका दुपारी गारखेड्यातल्या घरात एकट्यानं बसवेना, तेव्हा लावला. त्यात वेरूळ होतं, पण हजार वर्षांपूर्वीचं. समोर कैलास लेणं उभं राहिलं आणि मी आपसूक पायातल्या चपला काढल्या. फरशी गार लागली तेव्हा माझं मलाच हसू आलं.

हसू आलं आणि लगेच बायको आठवली. ती कन्नड तालुक्यातली. नवीन लग्न झालेलं असताना एका देवळाबाहेरून माझ्या कोऱ्या चपला गेल्या, गुलमंडीच्या बाजारात घासाघीस करून घेतलेल्या. मी अनवाणी घरी आलो. तेव्हापासून देऊळ असो, दर्गा असो की लेणं, ती बाहेर पायरीवर बसायची. मी बसतो म्हटलं तर म्हणायची, "नाय. तुम्ही पेपरात तोंड घालून बसता. पायातल्या नेल्या तरी कळायचं नाय. जा, आन् आल्यावर समदं सांगा." परतीच्या एसटीत मग खांबन्‌खांब सांगावा लागायचा. तिला देवापेक्षा माझं वर्णन जास्त आवडायचं, असा माझा समज आहे आणि तो मी सोडणार नाही.

चष्म्यातलं लेणं पांढरंशुभ्र होतं, भिंतींवर लाल-निळी चित्रं. आत दिवे लावलेले. धोतर नेसलेली माणसं माझ्या अंगातून आरपार जात होती, एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही. इतकं सुंदर वेरूळ मी कधी पाहिलं नव्हतं आणि इतकं एकटंही कधी वाटलं नव्हतं. कधी एकदा बाहेर जाऊन तिला सांगतो असं झालं. तिला जाऊन वर्ष झालंय, हे मला ठाऊक होतं. तरी मी दाराकडं निघालो.

बाहेरच्या पायऱ्या दिसल्या. पाऊल टाकलं तर सगळं काळं झालं आणि इंग्रजीत सूचना आली, की यापुढं जाता येणार नाही.

चष्मा काढला. चपला सतरंजीच्या कडेला होत्या तशाच होत्या. मी त्यांच्याशेजारी खाली बसलो आणि पहिल्या खांबापासून सांगायला लागलो.