लपलेला रकाना

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला मोताळ्यातला तो शिवणवर्ग आठवतो. प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म मीच बनवला होता आणि पहिल्या दिवशी तो भरून द्यायलाही मीच बसलो होतो. बाहेर आठवडी बाजाराचा गलका होता. धामणगाव बढ्याहून आलेल्या एका बाईसाठी मी ‘विवाहित’वर क्लिक केलं, तसा वडिलांच्या नावाचा रकाना नाहीसा झाला आणि पतीच्या नावाचा उघडला. फॉर्ममध्ये ती अट मीच घातली होती. स्क्रीनकडे बघत ती म्हणाली, “बापाचं नाव कुठी गेलं, भाऊ?” मी म्हटलं, लग्न झालं असेल तर तो रकाना दिसत नाही. “नवऱ्यानं टाकून चार वर्सं झाले. बाप थो पायरीवर बसेल हाये, अन् तुमी इथं त्याले काऊन लपवता?” मी तिथल्या तिथं अट काढली. दोन्ही रकाने दिसू लागले. वडिलांचं नाव तिनं स्वतः, एका बोटानं टाईप केलं. नवऱ्याचा रकाना तुमच्यापुरता लपवू का, असं मी विचारलं. “नोका लपवू,” ती म्हणाली, “रिकामा दिसू द्या.” ती अट मी परत घातली नाही. कुणी विचारलंच, तर घालायची राहून गेली असं सांगतो.