रिकाम्या घरट्याकडे

दगडूनाना नव्या माणसाला नमस्कार करत नसत. आधी त्याचा दंड धरत, मग खांदा चाचपत, आणि हे सगळं डोळे मिटून. पाचोऱ्याच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घ्यायला गेलो, तर भाड्याची गोष्ट निघण्याआधी त्यांनी माझा खांदा धरला. मी अंग चोरलं. भडगावकडच्या शेतकऱ्याच्या घरातला मी. आमच्या सात पिढ्यांत बी.ए. झालेला पहिला, आणि ही गोष्ट मी तेव्हाही लपवत नव्हतो, आजही लपवत नाही. बैलासारखं चाचपून घेणं मला मुळीच आवडलं नाही. नाना डोळे उघडून म्हणाले, "छाती धाकली शे, पन हाड हलकं शे. लांब जाशी." आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

पुढे कळलं की ते माझ्या अंगातलं कबूतर तपासत होते.

नानांची सगळी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून झाली. पाचोऱ्याहून भुसावळ, खांडवा, इटारसी हा रस्ता त्यांच्या तळहातावर होता. पेन्शनीत आल्यावर त्यांनी घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, लाकडी खुराडी बांधली आणि लांबून घरी परत येणारी कबुतरं जोपासायला घेतली. जुने सोबती गार्ड करंड्या घेऊन जात, ठरलेल्या स्टेशनावर पहाटे झाकण उघडत, आणि इकडे नाना धाब्यावर मांडी घालून बसत. खानदेशात या नादाची माणसं थोडी. पण जी होती ती एकमेकांना चांगली ओळखून होती आणि एकमेकांच्या पाखरांना मनसोक्त नावं ठेवत होती.

नानांच्या पाखरांना मात्र नावं नसत. पिल्लू अंड्यातून निघालं, वाढलं, उडायला लागलं, तरी ते नुसतं 'हे' किंवा 'ती'. ज्या सर्वांत लांबच्या स्टेशनावरून ते घरी येईल तेच त्याचं नाव. म्हणून खुराड्यात 'बुऱ्हाणपूर' होतं, 'नेपानगर' होतं, म्हातारा नर 'खांडवा' होता. एकदा शेजारच्या बाईंनी एका देखण्या पांढऱ्या पिल्लाचं नाव मोती ठेवलं. नाना म्हणाले, "नाव बारशाले भेटत नही, अक्का. कमावनं पडस." ते पिल्लू पुढे नशिराबादच्या अलीकडेच एका धान्याच्या खळ्यावर रमलं. नाना त्याला मरेपर्यंत 'ते खळ्यावरचं' म्हणत.

त्यांच्या मनात एकच गोष्ट होती: आपल्या घरात निपजलेलं पाखरू झाशीवरून आलेलं पाहायचं. मधे सातपुडा, नर्मदा, वर ससाण्यांचा मुलूख. त्यात जळगावच्या डॉक्टरांनी डोळ्यांत काचबिंदू सांगितलेला. दृष्टी कडेकडेने आत सरकत होती. नाना त्याबद्दल हळवेपणाने बोलत नसत. बोगद्यातून गाडी चालली आहे, तोंड लहान होत चाललं आहे, एवढंच म्हणत. पण पाहायचं तर लवकर पाहायला हवं, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. घरात म्हणजे ते, मी आणि कबुतरं. नानी माझ्या येण्याच्या कितीतरी आधी वारल्या होत्या.

अडचण अशी की खुराड्यातली नवी पिल्लं खांडव्यापुढे टिकत नव्हती. छातीचं हाड वाकडं, पिसं मऊ. मी सांगितलं की नाना, तुम्ही घरातल्या घरात जोड्या लावता आहात. आमच्या गावात गाईला तिच्याच पोटचा वळू कोणी दाखवत नाही. बाहेरचं रक्त आणा. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, माझ्या वडिलांच्या गोठ्यातली अक्कल होती. नाना तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "धुळ्याची गाडी किती वाजता शे?"

जन्मभर गार्ड असलेल्या माणसाने गाडीची वेळ मला विचारावी, यातच काय ते आलं. कारण धुळ्याला पन्नालालशेठ होते.

शेठ रुईचे व्यापारी, मारवाडी जैन, दोन पिढ्या धुळ्यात राहिल्याने आमच्यापेक्षा अस्सल खानदेशी बोलत. त्यांचा 'सरदार' नावाचा नर इटारसीहून त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत घरी आला होता, आणि खानदेशातला प्रत्येक कबूतरबाज त्याचं पिल्लू मागत फिरत होता. नानांचं सरदारबद्दलचं मत वेगळं होतं. शेठ त्याला करंडीत घालायच्या आधी त्याच्या मादीशेजारी दुसरा नर ठेवून दाखवत. नाना म्हणत, "ते पाखरू घर म्हनीसन येत नही. भांडाले येस." हे मत धुळ्याला पोचलेलं होतं.

शेठनी आमचं स्वागत मनापासून केलं. केशरी दूध झालं. मग म्हणाले, नाना, हट्ट सोडला ते बरं झालं. सरदारचा थोरला पोरगा देतो, घेऊन जा. त्याला मी हातात घेतलं. छाती भरलेली, डोळा लालभडक, पीस तुळतुळीत. मी नानांच्या कानाशी लागलो की एवढ्या मोठ्या मनाने देतो आहे माणूस, घ्या. नानांनी तो चाचपला, चांगला आहे म्हणाले आणि परत दिला. विचारलं, "हारेल पाखरं कुठं ठेवतस, शेठ?"

इतर लोक हरलेली पाखरं मारून खातात किंवा विकून टाकतात. शेठच्या धर्मात ते बसत नव्हतं. गच्चीच्या कोपऱ्यात एक मोठी जाळी होती. तिच्यात हरलेली, लंगडी, उशिरा आलेली सगळी पाखरं आयुष्यभर फुकट ज्वारी खात. शेठ तिला पांजरपोळ म्हणत. नाना वाकून आत शिरले आणि एकेक पाखरू डोळे मिटून हातात घेऊ लागले. बराच वेळ गेला. शेठचे मुनीम हसू दाबत होते. शेवटी नानांच्या हातात एक मळकट राखी मादी राहिली. गळ्याखाली टाके घातल्याची खूण, एका पायाचं नख गेलेलं.

शेठ म्हणाले, ती इटारसीहून तिसऱ्या दिवशी आली. करंडीत इतर पाखरांना सोबत म्हणून घातली होती, तिच्याकडून अपेक्षाच नव्हती. ससाण्याने गळा फाडलेला, मीच शिवला.

"ती उनी तवय तिना घरटामा काय व्हतं?"

शेठना प्रश्न कळला नाही. मग आठवून म्हणाले की ती आली तेव्हा काहीच नव्हतं. नर आदल्या महिन्यात मेलेला, अंडी नव्हतीच.

"मंग हीच दे."

शेठ आता मोकळेपणी हसले. "नाना, बठ्ठा खानदेश सरदार मांगस, आनि तू पांजरपोळ मांगस."

गच्चीवर त्या दिवशी नाना जे बोलले ते त्यांचं सगळं शास्त्र. अंड्यांवरून उठवलेली मादी येणारच, त्यात तिची काय बढाई. मादीसाठी नर येणारच. ती ओढ अंड्यांची, जोडीदाराची. ती पिल्लात उतरत नाही. ज्याची कोणी वाट पाहत नाही, ज्याच्या घरट्यात काडी नाही, आणि तरी जे येतं, त्याच्या हाडातच घर असतं. तेवढंच पिल्लात उतरतं.

शेठ सहज चेष्टेत म्हणाले, "तू भी गाडी घीसन परत येवाच. तुन्हा घरमा तरी कोन बसेल व्हतं?"

नानांनी मादी करंडीत ठेवली, झाकण बांधलं. "म्हनीसन तर सांगस," म्हणाले.

परतीच्या गाडीत नानांनी करंडी मांडीवरून खाली ठेवली नाही.

मादीला नानांनी तिचं कमावलेलं नाव दिलं, 'इटारसी'. तिची जोडी म्हाताऱ्या खांडव्याशी लावली. पहिली अंडी फुटली नाहीत. दुसऱ्या वेळची दोन पिल्लं जगली, एक नर, एक मादी. हाडं सरळ, पिसं घट्ट. जळगाव, भुसावळ, बुऱ्हाणपूर, सगळीकडून दोघं आली. खांडव्याहून नर आला नाही. वाटेत ससाण्याने नेला असावा. मादी आली. पुढच्या हिवाळ्यात ती इटारसीहून आली, मग भोपाळहून. तोवर नानांना माझा चेहरा दिसेनासा झाला होता. उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. आकाशात काही हललं तर त्याची सावली कळे, असं ते सांगत. मी ते तपासून पाहिलं नाही.

झाशीला पाठवायचं ठरलं तेव्हा तिच्याखाली अंडी होती. मी म्हणालो, असंच असू द्या, अंड्यांच्या ओढीने नक्की येईल. नाना म्हणाले, अंडी काढ, नर वेगळा कर.

मला राग आला. मी सरळ बोललो. या घरात झाशीच्या लायकीची एवढी एकच मादी आहे. ही गेली तर दुसरी तयार व्हायला दोन वर्षं लागतील, आणि दोन वर्षांनी तुम्हाला उजेडसुद्धा दिसणार नाही. आयुष्यभर जे पाहायचं म्हणता ते तत्त्वापायी घालवू नका.

नाना शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "मास्तर, अंडांवर उनी तर झाशीवरतीन पाखरू उनं इतलं समजी. मी काय निपजाडं ते समजाव नही."

मी अंडी काढली. हातात ती गरम होती. मादी रिकाम्या घरट्यात एकदा बसून उठली, मग मी तिला करंडीत घातलं.

झाशीहून तारेने निरोप आला की पहाटे सोडली. त्या दिवशी येणं शक्यच नव्हतं, तरी नाना धाब्यावर बसले. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी सकाळपासून त्यांच्याजवळ. बाजारातली चार माणसं डोकावून गेली. एकाने विचारलं, नाना, तिकीट काढून दिलं होतं ना तिला? नाना हसले, पण मान वरच. दुपारी जेवण वर आणलं, त्यांनी भाकरी हातात धरून ठेवली. घारी फिरत होत्या. प्रत्येक घारीला मी आत कुठेतरी उठून बसत होतो. उन्हं कलली. आता नाही, असं मी मनात म्हणून टाकलं होतं.

ती कुठल्या दिशेने आली ते मी पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा ती धाब्याच्या कडेला उभी होती, पंख लोंबलेले, चोच उघडी. ती चालत पाण्याच्या परळापाशी गेली. मातीचं परळ किंचित वाजलं.

"पानी पेस का?" नाना म्हणाले.

मी हो म्हणालो.

त्यांनी तिला पुरतं पिऊ दिलं. मग दोन्ही हात पुढे केले, मी तिला त्यांत ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. मिटायची गरज उरली नव्हती, पण सवय. अंगठा छातीच्या हाडावरून गेला. मांस इतकं उतरलं होतं की हाड सुरीसारखं लागत होतं. मग एकेक पंख उलगडून त्यांनी पिसं मोजल्यासारखी चाचपली. मला वाटलं आता ते रडतील. रडलो मी. त्यांनी पाखराचं डोकं गालाला लावलं आणि म्हणाले, "आते हिले जोडा देखना पडी."

"नाना," मी म्हणालो, "झाशी झाली."

"झाशी व्हयनी. दिल्ली राहिनी."

त्यानंतर दीडएक वर्षाने नाना गेले. तोवर त्यांनी हातांनीच तीन जोड्या बदलल्या, दोन मोडल्या आणि माझ्याशी असंख्य वेळा भांडले. माझी बदली जळगावला झाली होती. भाड्याच्या खोलीत कबुतरं कुठे ठेवणार? मी धुळ्याला कळवलं. पन्नालालशेठ स्वतः आले, मुनीम न घेता. धाब्यावर येऊन त्यांनी टोपी काढली आणि थोडा वेळ नानांच्या बसायच्या जागेकडे पाहत उभे राहिले. मग आम्ही दोघांनी पाखरं करंड्यांत भरली. झाशी, नेपानगर, शेवटी झाशीची दोन नवी पिल्लं, नुकती पिसं फुटलेली.

शेठनी विचारलं, पुढे लांबून सोडायला पाठवताना अंडी काढून पाठवायची, की ठेवून?

"काढून," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. करंडीचं झाकण बांधताना त्या दोन पिल्लांकडे बोट करून म्हणाले, "आनि यासनी नावं?"

"अजून नाहीत," मी म्हणालो. "आली की ठेवा."