वसतिगृहाच्या उघड्या खिडक्या

मी लिहावं अशी माझी पात्रता नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि अजूनही चार ओळी लिहायच्या म्हटलं की हात अवघडतो. वाक्य कुठे लंगडलं तर माफ करावं. पण ज्यांना लिहिता येतं त्यांनी या गोष्टीचं नुसतं कौतुक छापून आणलं, म्हणून मी बसलो आहे.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती. मी जळगावला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत होतो आणि पिंप्राळ्यात खोली घेऊन राहत होतो. कॉलेजात एसी असलेली एकच खोली होती, ती कॉम्प्युटरची. बाहेर चपला काढून आत जायचं. आमचे सर देवळातसुद्धा इतक्या हळू पावलांनी जात नसावेत. जळगावचा उन्हाळा ज्या एकाच खोलीत शिरत नव्हता, तिथे बसून सर धुळ्याच्या एका इमारतीचा उन्हाळा मोजत होते.

इमारत म्हणजे एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह, अजून बांधायचं होतं आणि आराखडा सरांकडे होता. माझी धाकटी बहीण डी.एड.ला लागणार होती आणि तिथेच राहणार होती. आमचं गाव शिंदखेड्याच्याही आत, रोजचं जाणं-येणं शक्य नव्हतं. आबांनी, म्हणजे वडिलांनी, तिला एकाच अटीवर परवानगी दिली होती: राहायची सोय नीट हवी. नसेल तर शिक्षण बंद.

सरांकडे एक प्रोग्राम होता. भिंतींची जाडी, स्लॅब, खिडक्यांची मापं, त्या कधी उघड्या नि कधी बंद, आणि धुळ्याचं तापमान, एवढं भरलं की खोलीत कोणत्या वेळी किती उकडेल याचा आलेख तो काढून देई. प्रोग्रामला मी नावं ठेवणार नाही. सांगाल ते तो बिचारा खरं मानायचा. माहिती भरायचं काम माझ्याकडे होतं. सर म्हणाले, "खिडक्या दिवसा बंद, रात्री उघड्या." मी तसं भरलं. प्रिंटर करकरला आणि आलेख देखणा आला. रात्रभर गार वारा, गार पडलेला स्लॅब, दुपारीही सुसह्य खोली.

मी चाचरत म्हणालो, "सर, मुलींचं वसतिगृह आहे. रात्री खिडक्या उघड्या कोण ठेवू देईल?"

"का? चोर येतील?"

"नाही सर, खिडक्या रस्त्याकडे आहेत. आमच्याकडे दिवेलागणीलाच..."

"हे तू समाजशास्त्राच्या वर्गात विचार." खोलीतले सगळे हसले. सगळे म्हणजे एक लॅब असिस्टंट.

आमच्या भागात उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात. मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीला मात्र कुलूप असतं. एवढं समजायला परदेशी पुस्तकं लागत नाहीत, म्हणूनच बहुधा ते सरांच्या वाचनात आलं नव्हतं.

पुढे एकदा सर तासावर असताना मी रात्रीच्या खिडक्या बंद धरून प्रोग्राम चालवला. आलेखाची रेघ कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. मग छतालगत झरोके दिले, बाहेरून आतलं दिसणार नाही पण वारा रात्रभर वाहील असे. रेघ बरीच खाली आली. दोन्ही कागद मी सरांपुढे ठेवले. त्यांनी झरोक्यांचा कागद दोन बोटांनी उचलला. "दर्शनी भागाला भोकं? गोठा बांधतोय का आपण?"

संस्थेच्या बैठकीला सरांनी मला पिशवी धरायला नेलं. अध्यक्षांनी तो देखणा आलेख लांबून, जवळून पाहिला, एखाद्या स्थळाचा फोटो पाहावा तसा. "वा! मशीननंच सांगितल्यावर आपण काय बोलणार!" मग त्याच दमात ते वसतिगृहाच्या रेक्टरबाईंकडे वळले. "आणि अक्का, सात वाजले की खिडक्या लावून कड्या घालायच्या. गच्चीची किल्ली तुमच्या कमरेला."

"हो, भाऊ."

मी सरांकडे पाहिलं. सर चहात बिस्कीट बुडवत होते. मग मीच म्हणालो, "भाऊ, या आलेखात खिडक्या रात्री उघड्या धरल्यात."

"कुठला रे तू?"

मी गाव सांगितलं.

"मग तुला कळायला पाहिजे. पोरींच्या खिडक्या रात्री उघड्या ठेवतात का?"

"नाही भाऊ, म्हणूनच तर..."

"मग झालं तर!"

सगळं टेबल समाधानाने हललं. उघड्या खिडक्यांचा आलेख आणि बंद खिडक्यांचा नियम, दोन्ही एकमताने मंजूर.

इमारत उभी राहिली. कॉम्प्युटरने थंड ठेवलेलं वसतिगृह म्हणून स्थानिक पेपरात फोटो आला, त्यात सर मधोमध. बहीण राहायला गेली ती पावसाळ्यात. दिवाळीला ती खुशीत होती. धुळ्याच्या थंडीत कुठलीही इमारत गुणाची वाटते, आणि तेवढ्यावर सरांनी त्या आलेखाचा लेखही करून टाकला.

वैशाखात माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. घरून काहीच कळवलं नाही, माझं चित्त विचलित होऊ नये म्हणून. शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर फाटकाशी चुलतभाऊ उभा.

"तू इथं कसा?"

"तुले सांगाले उनू. तुनी बहीन घर शे."

"आणि परीक्षा?"

"नही दिन्ही. तठे रातले कोनलेच झोप नही. बठ्ठ्या पोरी आजारी पडन्यात. आबा गयात नि तिले घर लई उनात."

मी म्हणालो, मी येतो, आबांशी बोलतो, पुढच्या वर्षी ती परत बसेल. तो म्हणाला, "जेठमा लगीन शे तिनं. सुपारी फुटनी."