मिथुनेला विलंबित नाही

आमच्या गाण्याच्या मास्तरांची एक रीत होती. नवीन मुलगी शिकायला आली, की तिचा आवाज ऐकण्याआधी ते तिची रास विचारायचे. गुलमंडीच्या मागं त्यांची माडीवरची खोली होती. पहिल्या दिवशी मी मिथुन सांगितलं, तेव्हा त्यांनी तंबोरा बाजूला ठेवला.

"बुधाची रास. मन पाऱ्यासारखं. तुला ठहराव जमायचा नाही, बेटा."

म्हणून मला द्रुत बंदिशी मिळाल्या, तराणे मिळाले. भराभर म्हणायचं, टाळ्या घ्यायच्या. एकेका स्वरावर बसून राग सावकाश उलगडायचा, ते विलंबित मला हवं होतं आणि तेच मला वर्ज्य होतं. सहा वर्षं मागितलं. दरवेळी मास्तर हसून म्हणत, ग्रहांशी भांडू नये.

घरीही तेच. उशीच्या अभ्र्यावर मोर भरायला घेतला आणि पिसारा अर्धाच राहिला, की मिथुन. रांगोळीत रंग भरता भरता उठले, की मिथुन. पुढंपुढं मलाही ते सोयीचं झालं. कुठलंही काम टाकून उठायचं आणि दोष आकाशावर ढकलायचा. पण आतून सारखी तगमग असायची. हातात घेतलेलं काही पुरं होणार नाही, ही भीती मला तेव्हापासून आहे.

मग माझं लग्न ठरायची वेळ आली. मुलाकडच्यांनी पत्रिका मागितली. वडील निजामाच्या अमलात महसुलात कारकून होते, त्यामुळं माझा जन्म त्यांनी दफ्तराच्या सवयीनं उर्दूत, फसली सालात लिहून ठेवला होता: बहमन महिना, अमुक तारीख. पोलीस ॲक्शननंतर ज्या जोशांनी पत्रिका केली, ते नगरकडचे, निजामाच्या मुलखाबाहेरचे. बहमन हा फसली सालाचा तिसरा महिना, एवढं त्यांनी विचारून घेतलं आणि तिसरा म्हणजे मार्च धरला. फसली साल ऑक्टोबरात सुरू होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. वडिलांनी रास तेवढी ऐकून घेतली आणि पत्रिका न वाचताच ट्रंकेत टाकली होती. आता पत्रिका जुळवायला बोलावलेले दुसरे जोशी ती मोठ्यानं वाचू लागले, तसा आईचा चुलीपाशी हात थांबला.

"मार्चात कुठं? हुरडा चालला व्हता तवा. मला कुणी इचारलं तर सांगीन ना."

जोशांनी गणित पुन्हा मांडलं. माझी रास वृषभ निघाली. संथ, जमिनीवर ठाम बसणारी, गोड गळ्याची रास. वडील ओशाळले, आई जिंकल्यासारखी भाकरी थापत राहिली. मला मात्र धीर धरवेना. लग्नाला सव्वा महिना होता. तेवढ्यात एक तरी विलंबित पदरात पडेल, या आशेनं दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मास्तरांकडं पळाले.

आम्हा मुलींचा वर्ग संध्याकाळी असायचा. सकाळी मुलं येत हे ठाऊक होतं, पण त्या वेळी मी कधी गेले नव्हते. जिना चढताना विलंबित ऐकू आलं. दारातून पाहिलं तर आमच्या शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा डोळे मिटून गात होता. त्याची रास मिथुन. आमच्या दोघांच्या आया यावरून पापड लाटताना आम्हाला चिडवत असत. माझी सांगायला आणलेली बातमी तोंडातच राहिली.

तो गेल्यावर मी सरळ विचारलं, त्याला कसं चालतं. मास्तर तंबोऱ्याची तार पुसू लागले. मग त्यांनी खरं सांगितलं, हे त्यांचं मोठेपण म्हणायचं की काय, मला अजून ठरवता येत नाही.

"विलंबिताला दहा-बारा साल लागतात, बेटा. तुम्ही पोरी लग्न करून निघून जाता. तोंडावर कसं सांगू? रास सांगितली, की कुणाला राग येत नाही."

संध्याकाळच्या वर्गातल्या एकेकीची रास मला आठवली. कन्या, कर्क, वृश्चिक, एक तर माझ्यासारखी खरी वृषभच. सगळ्या आम्ही तराणे म्हणत होतो.

मास्तरांनी तंबोरा पुढं केला आणि बस म्हणाले. मी बसले. षड्ज लावला. चार श्वासही झाले नसतील, गळा आपोआप पळू लागला. पुन्हा लावला, पुन्हा पळाला. मांडी अवघडली, हात चुळबुळू लागले, कधी एकदा उठते असं झालं. लाजेनं माझे डोळे भरून आले. मला येत नाही, असं मी म्हणाले.

"शिकवलंच नाही, तर येईल कसं?" मास्तर खाली बघत म्हणाले.

त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले नाही.

सव्वा महिन्यानं लग्न झालं. सासरी मला गाणं म्हणायला सांगितलं, तेव्हा मी तराणा म्हटला. सगळ्यांना फार आवडला.