तीस दिवसांचा गोडवा

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत बसून ती रफू करायची. जळकी बाही असो की उंदराने कुरतडलेला कोट, असं बेमालूम सांधायची की मालकाला भोक शोधून सापडू नये. सगळे तिला रफूवालीच म्हणत. कापड ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. माणसांच्या बाबतीत मात्र ती भोळसट, आणि हे तिचा नवरा पुरतं ओळखून होता.

सात वर्षांच्या मुलीचा ताबा कौटुंबिक न्यायालयाने बापाला दिला. त्याच दिवशी वकीलबाईंनी तिला जिन्यात थांबवून बजावलं, "अपील तीस दिवसांत. एकतिसाव्या दिवशी आलात तर माझ्या हातात काही उरणार नाही."

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, नवरा लेकीला घेऊन दारात उभा. पोर धावत येऊन आईच्या कमरेला बिलगली. तो उंबऱ्याबाहेरूनच हळू आवाजात बोलला. वरच्या कोर्टात कशाला जायचं, तिथे पोरीला पुन्हा उभं करतील, आई हवी की बाप विचारतील. "कागद माझ्याकडे राहू दे, पोर शुक्रवार ते रविवार तुझ्याकडे. मग तर झालं?"

शब्दाला तो जागला. चार शुक्रवार पोर आली. त्यानेच सांगितलं म्हणून ती फोटो काढून त्याला पाठवायची: लेकीचे केस कापताना, दोघी एका ताटात जेवताना. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, आमचं आपसात मिटलंय. लिहून घेतलं का, असं त्यांनी विचारलं, तर तिला हसू आलं. घरच्या माणसाकडून काय लिहून घ्यायचं?

पाचव्या शुक्रवारी पोर आली नाही. अंधार पडल्यावर तिने फोन लावला.

"मुदत काल संपली," नवरा म्हणाला. आवाज तसाच, हळू. "आता इथे फोन करत जाऊ नकोस."

उशीर माफ व्हावा म्हणून वकीलबाईंनी अर्ज केला. नवऱ्याने शपथेवर सांगितलं, असं काही ठरलंच नव्हतं. दया येऊन भेटवत होतो, तीही खूश होती. पुरावा म्हणून त्याने फोटो पुढे केले. न्यायाधीशांनी ते एकेक पाहिले.

"हे तुम्हीच पाठवलेत?"

"हो."

"लेखी काही ठरलं होतं?"

"नाही साहेब."

अर्ज फेटाळला. भेटी उरल्या त्या महिन्यातून एकदा, न्यायालयातल्या भेटीच्या खोलीत दोन तास, कोपऱ्यात एक कारकूनबाई बसलेली. चौथ्या भेटीत वेणी घालून घेताना लेक म्हणाली, "बाबा म्हणतात, मी हवी असते तर तू वेळेत अर्ज केला असतास."

"केला होता गं. उशीर झाला."

"का झाला?"

ती सांगायला लागली, तोच कारकूनबाईंनी मान वर केली. "बाई, मुलीसमोर केसबद्दल बोलायचं नाही. पुन्हा बोललात तर भेट बंद करावी लागेल."

लेक वळून आईकडे बघत राहिली. रफूवालीने तिचं डोकं धरून हलकेच पुढे वळवलं आणि वेणीचा पुढचा पेड घातला.